शहागंजच्या फ्रेमवाल्या चाचांकडं आमच्या शाळेचा फोटो दिला, त्याचा अनुभव

आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीला समोरून नऊ कमानी होत्या. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण १९८४ पासून इमारत पाडली त्या २००९ सालापर्यंत, पंचवीस वर्षं, मी तिथं चित्रकला शिकवली आणि दरवर्षी आठवीच्या पोरांना समोरच्या लिंबाखाली बसवून त्याच कमानी काढायला लावल्या. मागच्या साली जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका स्टुडिओनं आम्हाला दहा कमानी करून दिल्या.

मी संभाजीनगरातल्या शहागंजच्या दुकानाबद्दल लिहायला बसलोय, पण हे आधी सांगितल्याशिवाय तिथं काय वेगळं मिळालं ते कळणार नाही.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. शाळा निजामाच्या काळातली. तेव्हा प्राथमिकला तहतानिया, मिडलला वस्तानिया आणि हायस्कूलला फोकानिया म्हणायचे. आमच्याकडं ऐंशीच्या पुढचं कुणी भेटलं तर अजून म्हणतं, ‘मी फोकानियात होतो.’ शिक्षण उर्दूतून, मॅट्रिकनंतर ज्याची ऐपत असेल तो औरंगाबादला किंवा थेट हैदराबादला. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर १३३४ फसलीपासून आहे (फसली म्हणजे निजामाच्या राज्यातली सरकारी कालगणना), म्हणजे १९२४-२५. त्या हिशोबानं माजी विद्यार्थ्यांनी शताब्दीचा घाट घातला, आणि कोठीतली जुनी रजिस्टरं खाली काढताना एका पत्र्याच्या पेटीत खाकी पाकीट सापडलं. आत काचेची निगेटिव्ह. हाफ प्लेट, म्हणजे साधारण पावणेपाच बाय साडेसहा इंच. फोटोग्राफर लोक प्लेट सहसा स्वतःजवळ ठेवायचे, गिऱ्हाइकाला नुसता कागदावरचा फोटो द्यायचे. आमची प्लेट शाळेत राहिली हे आमचं भाग्य. उजव्या हाताचा वरचा कोपरा तडकलेला, कडांना चंदेरी-निळसर झाक आलेली, पण उजेडासमोर धरली आणि माझ्या हाताला कापरं भरलं. इमारत सगळी होती. लिंब होता. ओट्यावर टोप्या घातलेली पोरं ओळीनं उभी होती.

कमिटीतल्या उत्साही मंडळींनी ती प्लेट जवळच्या स्टुडिओत दिली. त्यांनी खिडकीच्या उजेडावर धरून मोबाईलनं फोटो काढला, उलटा करून पॉझिटिव्ह केला आणि एआयच्या ॲपमधून काढला. चार दिवसांत चार फुटी रंगीत फोटो तयार. आकाश निळं, लिंब हिरवागार, पोरांचे गाल गुलाबी. कमिटीला आवडला, मला खोटं कशाला सांगायचं. मी मात्र जवळ जाऊन पाहिला. फाटक डावीकडं होतं. आमचं फाटक उजवीकडं, विहिरीच्या बाजूला. म्हणजे प्लेट उलट्या अंगानं टिपली होती आणि सगळं चित्र आरशातल्यासारखं फिरलं होतं. दरवाजावरची उर्दू पाटीही त्यामुळं उलटी झाली होती, आणि ती उलटी अक्षरं मशीनला न कळल्यामुळं त्यानं त्यांच्या जागी स्वतःच्या मनानं काहीतरी वेलबुट्टी काढून ठेवली होती. ती ना उर्दू, ना मोडी, ना इंग्रजी. तडकलेला कोपरा भरायचा म्हणून तिथं दहावी कमान उभी केली होती. पोरांना चेहरे दिले होते, सगळ्यांना एकाच घरातल्यासारखे. आणि लिंबाच्या फांदीला शाळेची घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, तिथं एक वाळकी फांदी लोंबत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इमारत पाडली तेव्हा आम्ही काही करू शकलो नाही. आता तिचा एकुलता एक पुरावा हाती आला होता, आणि शताब्दीच्या दिवशी आम्ही पोरांना न झालेली इमारत दाखवणार होतो. सकाळी उठून अध्यक्षांकडं गेलो, प्लेट परत मागितली आणि संभाजीनगरची एसटी धरली.

शहागंजहून सराफ्याकडं निघालात की डाव्या अंगाला एका बोळात हे दुकान आहे. नावाची पाटी नाही. दारावर सागवानी फ्रेमचे कापलेले कोपरे माळेसारखे टांगलेत, तीच खूण. खाली चाचांचं फ्रेमचं काम, वर माळ्यावर त्यांच्या मुलीचं कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्याचं. जिना उभा आणि अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर खालीच बसा, मुलगी खाली येते. चाचांच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, त्यांच्याच निगेटिव्ह सांभाळता सांभाळता हे काम सुरू झालं असं ते म्हणाले.

मी पाकिटातून प्लेट काढायला गेलो तर चाचांनी माझं मनगट धरलं. “सर, बीच में हाथ नक्को. किनारे से पकडो.” मग मऊ कापडावर ठेवली, तिरकी केली आणि मला दाखवली. एक बाजू काचेसारखी चकाकते, दुसरी मंद दिसते, दुधावरच्या सायीसारखी. मंद बाजूला जिलेटिनचा थर असतो, चित्र त्या थरात. चकाकत्या बाजूनं पाहिलं तर चित्र सरळ, थराच्या बाजूनं पाहिलं तर डावं-उजवं फिरलेलं. मुलीनं सांगितलं की ती थराची बाजूच कॅमेऱ्याकडं करते, कारण काचेतून टिपलं की बारकावा थोडा मरतो, आणि नंतर कॉम्प्युटरवर चित्र फिरवून घेते. फिरवलंय हे विसरू नये म्हणून पाकिटावर बाण काढून ठेवते. पहिल्या स्टुडिओत जे चुकलं ते एवढ्याशा बाणानं वाचलं असतं.

दुसरी गोष्ट तारखेची. खाकी पाकिटावर पेन्सिलीनं उर्दू आकडे होते. कमिटीतल्या एकानं ते कुणाकडून तरी वाचून घेतले होते, १३४२. हिजरी १३४२ म्हणजे १९२३-२४, तेव्हा हा शाळा उघडली त्याच्या आसपासचाच फोटो, असं ठरवून निमंत्रणपत्रिकेत छापायचंही ठरलं होतं. चाचांनी भिंग लावलं. उर्दूत दोन आणि तीन यांत एका दात्याचा फरक असतो, पेन्सिल पुसट असली की भलेभले फसतात. बराच वेळ पाहून म्हणाले, “दो है. तीन नै.” आणि मग भिंग आकड्याच्या पुढं सरकवलं. तिथं ‘फे’ होता. बारीक, एका ठिपक्याचा. फे म्हणजे फसली. हिजरी असतं तर ‘हे’ असता. फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे फोटो १९३२-३३ चा. निजामाच्या राज्यात कचेरीचं, शाळेचं, शेतसाऱ्याचं सगळं काम फसलीवर चालायचं, हे मला ठाऊक होतं, आमच्याच रजिस्टरवर रोज पाहत होतो. तरी पाकिटावरचा तो ठिपका माझ्या नजरेला पडला नव्हता. कमिटीला हे सांगितल्यावर चेहरे उतरले. स्थापनेच्या वेळचा फोटो म्हणून जी शान होती ती गेली. मी म्हटलं, नऊ वर्षांनी लहान झाला तरी आपलाच आहे.

चाचांनी काम घ्यायच्या आधी शाळेचं पत्र मागितलं. प्लेट शाळेच्या मालकीची आहे आणि मुख्याध्यापकांची हरकत नाही, असं लेटरहेडवर. मला त्यासाठी परत एक चक्कर पडली, दोनशे किलोमीटरची, पण मला ते पटलं. सार्वजनिक जागेतून फोटो उचलून आणणारे लोक कमी नाहीत.

आता कामाबद्दल. मुलगी प्लेट खालून उजेड देणाऱ्या पेटीवर ठेवते, वर उभ्या दांड्याला कॅमेरा. एकाच प्लेटचे सहा तुकड्यांत फोटो काढून ते जोडले. ती फाईल उघडली तेव्हा मी तिच्या मागं उभा होतो. तिनं दरवाजावर नेलं आणि मोठं करत गेली. करत गेली, करत गेली, आणि पाटी वाचता आली. तिनंच वाचली, ‘मदरसा फोकानिया’. खाली गावाचं नाव. मग ओट्यावर आली. तिसऱ्या पोराच्या पायात चप्पल नव्हती, चौथ्याच्या बगलेत पाटी होती, आणि पाचवा पोरगा हलला होता म्हणून त्याचं डोकं धुरासारखं झालं होतं. पहिल्या स्टुडिओनं त्याला छान चेहरा दिला होता. इथं त्याचं डोकं धुरासारखंच राहिलं. मी विचारलं, हे काही करता येईल का. ती काही बोलायच्या आत खालून चाचांचा आवाज आला, “सर, जो नै है वो नै है. मैं कां से लाऊं?”

मला पाहिजे होतं ते हेच. तडकलेल्या कोपऱ्यात दहावी कमान आली नाही, रेघ आहे तशी राहिली, फक्त रेघेच्या भोवतीचा मळ निघाला. धुळीचे ठिपके, बुरशीचे डाग काढले, कडांची चंदेरी झाक कमी केली, पण जिथं थरच उडालेला होता तिथं करडा भाग तसाच ठेवला. दोन फाईली दिल्या. एक जशी प्लेट तशी, काहीही हात न लावता. दुसरी साफ केलेली. आणि सोबत एका कागदावर काय काय बदललं ते लिहून दिलं, अकरा ओळी. हा कागद फ्रेमच्या पाठीमागं पाकिटात चिकटवलाय. उद्या कुणी शंका घेतली तर फ्रेम उतरवून वाचावं.

चित्रकलेचा मास्तर म्हणून एक सांगतो. या फोटोत भिंती उभ्या आहेत. अगदी ओळंब्यात. उंच इमारतीचा फोटो कॅमेरा वर करून काढला की भिंती आत झुकतात, वरच्या अंगाला निमुळत्या होतात, आजच्या मोबाईलच्या फोटोत ते रोज दिसतं. त्या काळचे मोठे लाकडी कॅमेरे तसेच सरळ ठेवून पुढचं भिंगच वर सरकवता यायचं, म्हणून रेषा ओळंब्यात राहायच्या. राजा दीनदयाळांचे फोटो पाहिलेत तर हे नीट कळेल. मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, रुरकीला इंजिनिअरिंग शिकलेले, इंदूरला नकाशे काढायची नोकरी केलेले, आणि मग निजामाचे दरबारी फोटोग्राफर. नकाशा काढणाऱ्याची नजर त्यांच्या प्रत्येक इमारतीत दिसते. आमच्या फोटोग्राफरचं नाव पाकिटावर नाही, पण तो काम जाणणारा होता. मुलीनं त्या भिंतींना कॉम्प्युटरवर हातही लावला नाही, म्हणाली, सर, त्यांनी आधीच सरळ केल्यात.

प्रिंटचा कागद कापसाचा आहे, लाकडाच्या लगद्याचा नाही, आणि शाई पिगमेंटची. हे मी नुसतं ऐकून लिहीत नाही, बोटांत धरला की कळतं, जाडसर आणि किंचित खरखरीत, हँडमेड कागदासारखा. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, पावसाळ्यात भिंतींना ओल येते, आणि कसर तर बारमाही. साधा फोटो साधी काच आणि पाठीमागं हार्डबोर्ड लावून टांगला की दहा वर्षांत पिवळा पडतो, कारण त्या पुठ्ठ्यातलंच आम्ल कागदात उतरतं. दमटपणात फोटो काचेला चिकटतो तो वेगळाच. चाचा आम्ल नसलेला माउंट लावतात, त्यामुळं फोटो आणि काचेऐवजी लावलेलं ॲक्रिलिक यांत बोटाच्या पेराएवढी नाही पण नखाएवढी फट राहते. मागून सेलोटेप कुठंही नाही. कडा कागदी पट्टीनं खळीनं चिकटवल्यात. भिंतीकडच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावलेत, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागून वारा खेळतो. हा बुचाचा तुकडा दोन रुपयांचा असेल. आमच्या शाळेत आजवर टांगलेल्या एकाही थोर पुरुषाच्या फोटोमागं तो नव्हता, आणि प्रत्येकाच्या मागं वाळवीची माती निघाली.

पैसे सांगतो, कारण लोक तेच आधी विचारतात. प्लेट टिपायचे ४००. साफसफाईचे तासाला २५०, आमच्या प्लेटला सहा तास, १५००. सोळा बाय चोवीस इंची प्रिंट १८००. माउंट, ॲक्रिलिक, सागवानी फ्रेम मिळून २६००. एकूण ६३००. पहिल्या स्टुडिओनं चार फुटी रंगीत फोटो फ्रेमसकट साडेतीन हजारांत दिला होता. ज्याला फक्त भिंत भरायची आहे त्याला हे महाग वाटेल, आणि ते बरोबरच आहे.

दुकानात तयार प्रिंटही मिळतात, बारा बाय अठरा, बिनफ्रेमच्या, ९०० ला एक. मी चार घेतल्या. लातूरची गंजगोलाई, १९१७ ची. सोळा रस्ते येऊन मिळतात ती जागा एका चौकटीत बसत नाही, पण या फोटोत कमानींची वळत गेलेली ओळ आणि तिच्यापुढं सोडलेल्या बैलगाड्या अशा धरल्यात की उरलेलं वर्तुळ मनात आपोआप पुरं होतं. दुसरी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजची, १९२३ ला सुरू झालेलं, मौलवी अब्दुल हक जिथं प्राचार्य होते. आज ते शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. तिसरी नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाची. या फोटोपुढं मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. १९५० ला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं कॉलेज सुरू केलं, १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. आज तिथं दाट झाडी आहे, फोटोत इमारतीच्या चारी अंगांना उघडं माळरान. त्या माळाकडं पाहिलं की मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांतून पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन आलेली पहिली पिढी कुठं उतरली ते दिसतं. माझा एक वर्गमित्र तिथं शिकला. त्याला ही प्रिंट पाठवली, तर फोनवर दोन मिनिटं नुसताच गप्प होता.

पहिल्यांदा मिळालेली मिलिंदची प्रिंट मात्र जास्त काळी होती, पायऱ्यांची सावली डांबरासारखी झाली होती. परत नेली. मुलीनं दुसरी काढून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि पहिली माझ्यासमोर फाडली.

चौथी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजची. मराठवाड्याच्या माणसानं ती का घ्यावी असं कुणी विचारील. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन होईपर्यंत आपल्याकडच्या पदव्या तिथून यायच्या. १९३८ ला वंदे मातरम् म्हटल्यावरून तिथल्या वसतिगृहांतून काढलेली पोरं नागपूरला जाऊन शिकली, आणि पुढच्या साली, डिसेंबर १९३९ मध्ये, ही आर्ट्स कॉलेजची इमारत निजामानं उघडली. गुलाबी ग्रॅनाइटची, अर्नेस्ट जास्पर नावाच्या बेल्जियन वास्तुकाराची. माझ्या वडिलांची बी.ए.ची सनद उस्मानियाची होती. ते त्या मोठ्या कमानीबद्दल सांगायचे आणि मी लहानपणी ती कमान ऐकून ऐकून वहीत काढायचो. फोटोतली कमान माझ्या वहीतल्या कमानीपेक्षा खूप उंच निघाली.

या प्रिंटच्या मागच्या चिठ्ठीवर छापलं होतं, ‘छायाचित्र: राजा दीनदयाळ’. मी तिथल्या तिथं चाचांना म्हटलं, दीनदयाळ १९०५ ला गेले, इमारत उघडली १९३९ ला. चाचांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडं पाहिलं, परत चिठ्ठी वाचली. मग वरून मुलीला बोलावलं. ज्यांच्याकडून फोटो आला त्यांनी तसं सांगितलं होतं, आम्ही लावलं, ती म्हणाली. आपल्याकडं जुना आणि देखणा फोटो दिसला की दीनदयाळांच्या नावावर घालायची सवयच आहे. तिनं गठ्ठ्यातल्या उरलेल्या सगळ्या प्रिंटांच्या चिठ्ठ्या काढल्या, तिथं ‘छायाचित्रकाराची नोंद नाही’ असं हातानं लिहिलं. चूक होती हे खरं, आणि अशा दुकानात ती व्हायला नको होती. पण सांगितल्यावर हुज्जत घातली नाही. तुम्ही घ्याल तेव्हा बाकीच्या चिठ्ठ्याही डोळ्याखालून घाला.

उणिवा आणखी आहेत. तीन आठवडे सांगितले आणि सात लागले. मध्ये फोन केला तर उचलत नाहीत, कारण चाचांचा हात खळीत असतो आणि मुलगी काम करताना फोन खाली ठेवते. शताब्दीचा दिवस तोंडावर आला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. कुरिअर करत नाहीत, स्वतः न्यायला यावं लागतं, म्हणजे आमच्यासारख्या तालुक्याच्या माणसाचा एक दिवस गेला. फ्रेमखालची पितळी पट्टी ते बाहेरून कोरून आणतात, आणि तिच्यात ‘सार्वजनिक’मधला रफार ‘व’वरून सरकून ‘ज’वर गेला होता. मी ती पट्टी परत करायला लावली. मराठी अक्षर कोरायला देताना स्वतः कागदावर लिहून द्या आणि कोरल्यावर तपासा.

न्यायला गेलो त्या दिवशी दुकानात औशाकडचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्याजवळ एकच फोटो, पोस्टकार्डाएवढा, मधोमध घडी पडलेला. गावातली प्राथमिक शाळा आणि तिच्यापुढं १५ ऑगस्टचं झेंडावंदन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ती शाळा, तिच्यामागची आळी आणि त्यांचं घर, सगळं गेलं. गावच नव्या जागी वसलं. फोटो वाचला तो परगावी बहिणीकडं होता म्हणून. त्यांना घडी काढून पाहिजे होती आणि मागं दिसणाऱ्या घरांपैकी त्यांचं कुठलं ते मोठं करून पाहिजे होतं. मुलगी सांगत होती, घडी निघेल, पण घर फार मोठं केलं तर नुसते दाणे दिसतील. ते म्हणाले, दाणे तर दाणे, तेवढं करा.

शताब्दीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही फोटो वाचनालयाच्या भिंतीला लावला. चार फुटी रंगीत फोटो कमिटीनं मंडपाच्या फाटकावर लावला, मी त्याला अडवलं नाही, पण वाचनालयात येऊ दिला नाही. खिळा ठोकायला आमचे जुने शिपाई आले होते. निवृत्त होऊन त्यांनाही बारा वर्षं झालीत. खिळा ठोकून झाल्यावर ते फोटोजवळ गेले आणि ॲक्रिलिकवर बोट न लावता, बोटभर अंतरावरून, लिंबाच्या फांदीकडं दाखवलं.

“सर, हे आपला रूळ.”

लिंब कॅमेऱ्याच्या जवळ होता, म्हणून तो तुकडा चांगला मोठा आलाय. तार वरच्या भोकातून ओवलेली. खाली दुसरं भोक, आणि त्या भोकाच्या कडेचा लोखंडाचा टवका उडालेला. मनमाड-हैदराबादची छोटी लाईन १९०० च्या सुमारास झाली, तिच्या आसपासच्या कितीतरी शाळांत असे तुकडे घंटा म्हणून टांगले होते, आणि भोकं असतात ती दोन रूळ पट्टीनं जोडण्याची. आमच्या तुकड्याला टवका होता हे मला आठवत नव्हतं. पंचवीस वर्षं आवाज ऐकला, वस्तू कधी नीट पाहिली नाही.

शिपाई म्हणाले, इमारत पाडली त्या दिवशी भंगारवाला तो उचलत होता, मी पन्नास रुपये देऊन घेतला, गोठ्यात आहे. मी तसाच त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसलो. अंधार पडला होता. गोठ्यात गोणपाटाखालून त्यांनी तो ओढून काढला, मी मोबाईलचा उजेड धरला. वरचं भोक तारेनं घासून गुळगुळीत झालेलं. खालच्या भोकाच्या डाव्या कडेला टवका.

परत आलो, वाचनालय उघडायला लावलं आणि भिंग घेऊन फोटोपुढं उभा राहिलो. फोटोतही टवका डाव्या कडेलाच आहे.